जोकरची फिगर घेताय? पैसे पाठवण्याआधी फोनवरूनच एवढं तपासा

समजा तुम्ही कामशेतला राहता. सकाळच्या लोकलने तळेगावला नाहीतर पुण्याला कॉलेज, आणि येताजाता फोनवर स्क्रोलिंग. एक दिवस इन्स्टाग्रामवर पोस्ट दिसते: मॅकफार्लेन टॉइजचा जोकर, सात इंची, ‘हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल, बॉक्ससकट, फक्त १,४०० रुपये, आधी पेमेंट’. तुमच्याकडे दिवाळीपासून साठवलेले दोन हजार आहेत. पोस्टखाली लिहिलंय, ‘शेवटचा पीस’. घ्यावा का?

या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक जण तिथेच गोंधळतात. वस्तू अस्सल आहे का? ती चांगली बनली आहे का? आणि मागितलेले पैसे रास्त आहेत का? अस्सल फिगरचा रंगही गचाळ असू शकतो. सुबक दिसणारी फिगर चक्क नकली असू शकते. आणि अस्सल, सुबक फिगर कुणीतरी दुप्पट भावात तुमच्या गळ्यात मारू शकतो. त्यामुळे एकाचं उत्तर मिळालं म्हणून बाकीची दोन सोडून देऊ नका.

कामशेतच्या बाजारपेठेत पवन मावळ, नाणे मावळातली गावं वर्षाची खरेदी करतात, पण तिथे जोकर हातात घेऊन फिरवून बघता येईल ही आशा नको. म्हणजे तपासणी फोनवरच करायची. आणि खरं सांगायचं तर फोन त्यासाठी पुरेसा आहे.

आधी सांगा, कोणता जोकर?

जोकर पहिल्यांदा दिसला १९४० मध्ये, ‘बॅटमॅन’ मासिकाच्या पहिल्याच अंकात. तेव्हापासून त्याला इतक्या चित्रकारांनी काढलंय की ‘जोकरसारखा दिसतो’ या वाक्याला फारसा अर्थ उरलेला नाही. जांभळा कोट, हिरवे केस, पांढरा चेहरा हे समान, बाकी सगळं बदलतं. २०१२ च्या ‘डेथ ऑफ द फॅमिली’ कथेत त्याचा सोललेला चेहरा पट्ट्यांनी बांधून परत चढवलेला आहे. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये तो हॅट घालून कॅमेरा रोखतो. २०२० मध्ये ‘थ्री जोकर्स’ आलं आणि त्यावरून मॅकफार्लेनने तीन वेगळ्या फिगर काढल्या: क्लाउन, क्रिमिनल आणि कॉमेडियन. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ सिनेमातला हीथ लेजरचा जोकर तर आणखी निराळा.

याचा उपयोग काय? फिगरची तुलना त्याच जोकरशी करायची, तुमच्या डोक्यातल्या जोकरशी नाही. कॉमेडियनचा फुलाफुलांचा शर्ट बघून ‘हा काय कपडा, नकली आहे’ म्हणाल तर फसाल. उलट, विकणाऱ्याला ‘हा कोणत्या कॉमिकमधला?’ असं विचारलं आणि उत्तर ‘ओरिजिनल आहे भाऊ’ एवढंच आलं, तर समजून जा की त्यालाही आपण काय विकतोय ते माहीत नाही.

कंपनी आणि माप यांचाही मेळ बसायला हवा. मॅकफार्लेनने डीसीच्या पात्रांचं काम २०२० पासून सुरू केलं, आणि त्यांची डीसी मल्टिव्हर्स मालिका सात इंची मापाची आहे. (ही कंपनी काढणारा टॉड मॅकफार्लेन स्वतः कॉमिकचा चित्रकार. स्पायडरमॅनच्या व्हेनमला घडवण्यात त्याचा हात होता. खलनायकांवर त्याचा जीव आहे हे त्या फिगर बघून कळतं.) हॅस्ब्रोच्या मार्व्हल लेजंड्स सहा इंची. बांदाईच्या एस. एच. फिगुआर्ट्स आणि मेडिकॉम टॉयच्या माफेक्स या जपानी फिगर साधारण १/१२ प्रमाणात, म्हणजे सहा फुटी माणूस सहा इंचांचा. हाँगकाँगच्या हॉट टॉइजच्या १/६ प्रमाणात, साधारण एक फूट उंच, खऱ्या कापडाचे कपडे घातलेल्या. त्यामुळे ‘मॅकफार्लेन, पाच इंची’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच थांबा. आणि तुमच्याकडे मार्व्हल लेजंड्सचा स्पायडरमॅन असेल तर मॅकफार्लेनचा जोकर त्याच्या शेजारी दांडगा दिसणार हेही आधीच माहीत असू द्या.

नकली फिगर बनते कशी, आणि म्हणून ओळखता येते कशी

अस्सल फिगरचं शिल्प आजकाल बहुतेकदा कॉम्प्युटरवर घडतं. त्यावरून स्टीलचे साचे कापतात आणि वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने त्यात सोडतात. कडक भागांना सहसा एबीएस, लवचीक भागांना पीव्हीसी. साचा महाग असतो, फिगरच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथेच जातो.

नकली बनवणाऱ्याला हा खर्च टाळायचा असतो. सोपा रस्ता म्हणजे बाजारातून एक अस्सल फिगर आणायची, तिचे तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांवरूनच साचा घ्यायचा. यात एक गंमत आहे. साच्यातलं प्लॅस्टिक थंड होताना थोडं आकसतं. अस्सल फिगर एकदा आकसलेली असतेच, तिची नक्कल पुन्हा आकसते. म्हणून अशी नकली फिगर अस्सलपेक्षा किंचित बुटकी आणि बारीक निघते, आणि बारीक रेषा, म्हणजे कोटाच्या शिवणी, बोटांच्या पेरांच्या खुणा, केसांच्या बटा, पुसट होतात. एखादं पत्र झेरॉक्सची झेरॉक्स काढून वाचावं तसं. नकली फिगरचा शेजारी ठेवून काढलेला फोटो मिळाला तर फरक दिसतो. एकटा फोटो बघून उंची कळत नाही, म्हणून विकणाऱ्याला फिगरशेजारी शाळेतली पट्टी ठेवून फोटो मागा. पट्टी सगळ्यांच्या घरी असते, त्यामुळे ‘नाही जमणार’ या उत्तराला कारण नाही.

आता चेहरा. जोकरच्या बाबतीत पैसे चेहऱ्याचेच असतात. चेहऱ्यावर रंग चढवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक पॅड प्रिंटिंग: कोरलेल्या पत्र्यावर शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि गोलसर चेहऱ्यावर ठसा उमटवतो. कडा स्वच्छ येतात. दुसरी डिजिटल छपाई: तुमच्या घरच्या इंकजेट प्रिंटरसारखे रंगाचे सूक्ष्म ठिपके थेट चेहऱ्यावर टाकतात. बांदाईने आणि हॅस्ब्रोने ही पद्धत गेल्या दशकात रुळवली आणि त्यानंतर छोट्या फिगरचे चेहरे एकदम जिवंत दिसायला लागले.

इथे तुमच्या फोनचा मॅक्रो कॅमेरा कामाला येतो. फिगर हातात असेल तर डोळ्याजवळ मॅक्रो फोटो काढा आणि मोठा करून बघा. डिजिटल छपाईच्या चेहऱ्यावर ठिपक्यांची जाळी दिसते. घाबरू नका, ते छपाईचं लक्षण आहे, दोष नाही. ज्या फिगरला अशी छपाई असायला हवी तिथे ब्रशने फासलेला सपाट रंग, ओठांबाहेर ओघळलेला लाल, एक बुबुळ नाकाकडे आणि दुसरं कानाकडे असं दिसलं, तर संशय पक्का. मॅक्रो नसेल तर दोनपट झूमवर थोडं लांबून काढा, लेन्स चिकटवून काढलेला फोटो धूसर येतो.

पण सावध राहा, थोडा रंग इकडेतिकडे होणं अस्सल फिगरमध्येही घडतं. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जोकरांचे चेहरे सारखे नसतात. म्हणून तर जुने संग्राहक दुकानात पाच खोकी पुढे ओढून त्यातला बरा चेहरा निवडतात. ऑनलाइन हे सुख नाही. त्यातून काही खोक्यांना खिडकीच नसते: हॅस्ब्रोने प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून २०२२ मध्ये खिडक्या काढून टाकल्या आणि लोक वैतागल्यावर २०२३ मध्ये परत आणायचं जाहीर केलं. अशा बंद खोक्यातली फिगर म्हणजे चेहरा न बघता केलेलं लग्न.

सांध्यांचा विचार शेवटी करा. मॅकफार्लेन २२ पर्यंत हलणारे भाग सांगते. विकणाऱ्याकडून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा: फिगर स्टँडशिवाय उभी राहते का, कोपर आणि गुडघा दुमडून सोडला की तसाच राहतो का. लुळा सांधा म्हणजे एक तर नकली, नाहीतर खूप खेळलेली. आणि या मालिकेत फिगरबरोबर पायाखालची चकती आणि पात्राचं चित्र असलेलं कार्ड येतं, ते दोन्ही आहेत का तेही विचारा.

खोकं काय सांगतं, आणि काय सांगत नाही

‘बारकोड स्कॅन होतो, म्हणजे ओरिजिनल’ हे वाक्य तुम्ही ऐकाल. याला काडीचीही किंमत नाही. बारकोड म्हणजे छापलेल्या रेघा. खोक्याची नक्कल करणारा रेघांचीही करतो आणि तुमचं स्कॅनर ॲप मुकाट्याने तोच आकडा दाखवतं. तसंच ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे ‘मेड इन इंडिया’ असंही नाही. तो आकडा फक्त कंपनीने कोणत्या देशाच्या संस्थेकडून नंबर घेतला ते सांगतो, माल कुठे बनला ते नाही.

त्यापेक्षा कामाचं आहे ते साधं पांढरं स्टिकर. भारतात रीतसर आयात होऊन विकायला आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि मूळ देश लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. हे स्टिकर असेल तर त्याचा स्पष्ट फोटो मागा आणि आयातदाराचं नाव शोधून बघा. नसेल तर फिगर लगेच नकली ठरत नाही. कुणाच्या तरी मामाने दुबईहून बॅगेत आणलेली असू शकते. पण मग ती ‘भारतात अधिकृत’ म्हणून विकता येत नाही आणि तक्रार घेऊन जायला तुम्हाला दार राहत नाही.

आयएसआय खुणेचंही बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे. यात रंगातले विषारी धातू आणि प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट नावाची रसायनं तपासली जातात. खोक्यावर वय बघा. १५+ लिहिलेली संग्राहकांची फिगर या नियमाबाहेर राहते. मॅकफार्लेनच्या खोक्यावर १२+ असतं. म्हणजे दुकानदार ती नवी म्हणून विकत असेल तर खुणेबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खूण असेल तर खालचा सीएम/एल ने सुरू होणारा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका, परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे. घरात लहान भाऊ-बहीण सगळं तोंडात घालायच्या वयाची असतील तर हे काम टाळू नका. जत्रेत शंभर रुपयांना मिळणाऱ्या, खोकं उघडताच रॉकेलसारखा वास मारणाऱ्या फिगरचा खरा धोका तिथे आहे.

फिगरच्या पायाच्या तळव्यावर किंवा पाठीवर कोरलेली अक्षरंही मागा: कंपनी, डीसीचा हक्क, देश. त्यातलं वर्ष हक्काचं असतं, कारखान्यातून बाहेर पडल्याचं नाही. त्यावरून ‘जुना दुर्मीळ पीस’ असा दावा करणाऱ्याचं ऐकू नका.

किंमत: मागितलेली आणि मिळालेली

आता १,४०० कडे येऊ. मॅकफार्लेनच्या साध्या सात इंची फिगरची अमेरिकेतली किंमत बरीच वर्षं २० डॉलरच्या आसपास होती. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तरी १,७०० ते १,८०० झाले, आणि अजून जहाज निघालेलं नाही. भारताने खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७० टक्के. शुल्क घाऊक किमतीवर लागतं, अमेरिकेतल्या दुकानातल्या किमतीवर नाही, त्यामुळे सरळ गुणाकार करू नका. तरीही त्यावर कर, वाहतूक, दुकानदाराचा नफा चढतो. म्हणून नवा, सीलबंद, आयात केलेला जोकर १,४०० ला मिळत असेल तर तो क्लिअरन्स सेलमधला असू शकतो, पण ते बिलाने सिद्ध व्हायला हवं. उघडलेला, खेळलेला असेल तर १,४०० समजण्यासारखे आहेत. आणि हॉट टॉइजचा एक फुटी जोकर, जो परदेशात अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात विकला जातो, तो कुणी सहा हजारांत देत असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

वापरलेल्या किंवा बंद झालेल्या फिगरची किंमत शोधताना एकच गोष्ट पाळा: लोक काय मागतायत ते बघू नका, काय देऊन गेलेत ते बघा. ओएलएक्सवर कुणीही ४०,००० लिहू शकतं. ईबेच्या आंतरराष्ट्रीय साइटवर शोध घेऊन फिल्टरमध्ये ‘सोल्ड आयटम्स’ लावा. प्रत्यक्ष झालेले सौदे दिसतात. शेवटचे आठ-दहा बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. ॲमेझॉनवर आत्ता मिळत असेल तर ‘कीपा’वर त्या वस्तूच्या किमतीचा आलेख बघा. ‘५० टक्के सूट’ लागण्याच्या आदल्या आठवड्यात किंमत वाढवली होती का ते उघडं पडतं.

संग्राहकांच्या लघुरूपांचाही अर्थ माहीत हवा. ‘एमआयएसबी’ म्हणजे सील न तुटलेलं खोकं, ‘एमआयबी’ म्हणजे खोकं आहे पण उघडलेलं असू शकतं, ‘लूज’ म्हणजे नुसती फिगर. एकाच जोकरच्या या तीन किमती असतात. लूज घेताना जोकरची हत्यारं, जादाचे हात, हॅट आहे का विचारा. बोटाएवढी पिस्तूल हरवली की किंमत किती उतरते ते ‘सोल्ड’ यादीतच कळेल. माझं मत विचाराल तर खेळायला आणि फोटोग्राफीसाठी लूज घ्या, खोक्याचे पैसे वाचवा.

जुन्या भारतीय मालाचं गणित मात्र उलटं आहे. फनस्कूलने, ज्यांचा एक कारखाना गोव्यात आहे, हॅस्ब्रोच्या परवान्याने जी. आय. जो फिगर इथे बनवल्या. १९८२ मध्ये ही खेळणी आणि मार्व्हलचं कॉमिक एकाच वेळी आलं होतं, आणि कोब्रा कमांडर त्यातला खलनायक. भारतीय फिगरचे रंग अनेकदा अमेरिकन फिगरपेक्षा वेगळे निघाले, कधी चक्क भलतेच. ‘रंग जुळत नाही म्हणजे नकली’ हा नियम इथे मोडतो. परदेशातले संग्राहक नेमक्या त्याच रंगांसाठी फनस्कूलचा माल शोधतात. काकाच्या माळ्यावर, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असा एखादा हाताला लागला, तर भंगाराच्या भावात देऊन टाकण्याआधी ‘सोल्ड’ यादी उघडा.

पैसे देताना

पोस्टमधला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो ब्राझीलमधल्या कुणाच्या जुन्या पोस्टमध्ये सापडला तर विषय संपला. सापडला नाही तरी नवा फोटो मागा: फिगरशेजारी चिठ्ठी, चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आजची तारीख. आजकाल चिठ्ठीसुद्धा ॲपने घुसडता येते, म्हणून व्हिडिओ कॉल सगळ्यात बरा. ‘जोकरचा डावा हात वर करून दाखवा’ एवढंच सांगा.

विकणारा पुणे-पिंपरीकडचा असेल तर लोकल आहेच. चिंचवड किंवा शिवाजीनगर स्टेशनवर दिवसा, गर्दीत भेटा, मॅक्रो फोटो तिथेच काढा, मग यूपीआय करा. पैसे घेण्यासाठी, रिफंड मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. लांबचा असेल तर ‘आधी अर्धे’ हाही पर्याय नको, कॅश ऑन डिलिव्हरी किंवा परतावा देणारी साइट घ्या आणि पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून. फसलातच तर वेळ घालवू नका, १९३० वर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. दुकानाने नकली माल दिला आणि परत घेत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि मग जून येतो

ही गोष्ट परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे मावळचा पाऊस नाही. लोणावळा-कामशेत पट्ट्यात चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर जोकरच्या कापडी कोटाचं काय. मऊ पीव्हीसीमधली रसायनं बंद, उबदार जागेत हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि फिगर चिकट लागते. नकली चामड्याचे कपडे दमटपणात सोलतात. पांढरा चेहरा उन्हात पिवळा पडतो. म्हणून इथल्या माणसाकडून वापरलेली फिगर घेताना काखेत, कोटाच्या आतल्या बाजूला आणि सांध्यांच्या फटीत बघा. काळे-पांढरे ठिपके तिथेच असतात. हात लावल्यावर चिकट वाटली तर कोमट पाण्यात एक थेंब भांड्यांचं लिक्विड टाकून मऊ ब्रशने धुता येते, पण त्यासाठी किंमत कमी करून मागा.

अडकलेला सांधा जोर लावून फिरवू नका, आतला खिळा तुटतो. गरम पाण्यात (उकळत्या नाही) अर्धा-एक मिनिट बुडवा, प्लॅस्टिक सैल होतं, मग हलवा. वाकडा झालेला पाय याच पद्धतीने सरळ करून लगेच गार पाण्यात धरला की तसाच राहतो. ठेवताना खिडकीपासून आणि पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच चालतील.